निजाम पळाला नव्हता, आणि आमच्या आजोबांचं वॉरंट

आज १७ सप्टेंबर. सकाळी साडेसहापासून फोन वाजायलाय. झेंडावंदनाला निघायच्या आधीच गावातल्या तीन ग्रुपवर मिळून सात वेळा तोच फोटो येऊन पडला. निजाम हात जोडून उभा, समोर सरदार पटेल. खाली लिहिलेलं, "१७ सप्टेंबर १९४८, निजाम शरण आला तो क्षण." त्याच्या मागोमाग ठरल्याप्रमाणं दुसऱ्या बाजूचं उत्तर आलं. १९६५ च्या युद्धात निजामानं देशाला पाच हजार किलो सोनं दान दिलं आणि वर म्हणाला, सोनं दिलंय, पेट्या तेवढ्या परत करा.

आधीच सांगतो, या दोन्ही पोस्ट मी स्वतः कधी ना कधी पुढं ढकललेल्या आहेत. त्यामुळं खालचं वाचून "लई शहाणा झालास" असं कुणी म्हणू नका. उशिरा शहाणा झालो, आणि तेही दुसऱ्यांनी कान धरल्यावर.

फोटोचं आधी उरकून घेऊ. फोटो खरा आहे, तारीख खोटी आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला पटेल हैदराबादला नव्हतेच. त्या दिवशी संध्याकाळी निजामानं रेडिओवरून शरणागती जाहीर केली. दुसऱ्या दिवशी, १८ तारखेला, त्याचा सेनापती अल इद्रूस यानं जनरल चौधरींपुढं रीतसर शरणागती दिली. पटेल हैदराबादला आले १९४९ च्या फेब्रुवारीत. तेव्हा बेगमपेट विमानतळावर निजाम त्यांच्या स्वागताला गेला आणि हात जोडले, तो हा फोटो. एरवी व्हाइसरॉय सोडून कुणाच्या स्वागताला न जाणारा माणूस विमानतळावर जाऊन उभा राहतो, हे मला तरी शरणागतीपेक्षा मोठं वाटतं. पण व्हॉट्सॲपला एवढा धीर नाही.

आता माझी स्वतःची फजिती. आठेक वर्षं झाली असतील. आपल्याच तालुक्यातल्या एका शाळेत मुक्तिदिनाला मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं होतं. मी जोरात सुरू झालो. भारतीय फौजा आल्या, रझाकारांची दाणादाण उडाली आणि निजाम रातोरात विमानात बसून पाकिस्तानात पळून गेला! लेकरांनी टाळ्या वाजवल्या. सरपंचांनीही वाजवल्या. नंतर चहा पिताना एक निवृत्त गुरुजी माझ्या जवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "भाषण चांगलं झालं. फक्त एक सांगा, तो पळून गेला तर मग १९५० ते ५६ आपला राजप्रमुख कोण होता?"

माझ्या हातातला चहा तिथंच थांबला.

घरी येऊन शोधलं. मीर उस्मान अली खान कुठंही गेला नव्हता. शरण आल्यावर हैदराबादलाच राहिला. सहा दिवसांनी रेडिओवर बोलला आणि सगळं खापर एका छोट्या टोळीवर फोडलं. तिनं हिटलरच्या पद्धतीनं राज्य ताब्यात घेतलं आणि मला लाचार केलं, असा त्याचा सूर होता. २६ जानेवारी १९५० ला भारतीय राज्यघटनेप्रमाणं तो हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला. आजच्या राज्यपालासारखंच पद. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत त्या पदावर होता. वर्षाला ५० लाख रुपये प्रिव्ही पर्स घेत होता. २४ फेब्रुवारी १९६७ ला हैदराबादेतच वारला.

म्हणजे ज्याच्याविरुद्ध आपल्या लोकांनी जेल भोगली, तोच माणूस मुक्तीनंतर घटनेनं दिलेल्या खुर्चीवर बसला, आणि नांदेड, हदगाव, किनवट सगळं त्याच्याच राजप्रमुखपदाखाली होतं. ही गोष्ट पचायला अवघड आहे. पळून गेला म्हटलं की पचतं. मला वाटतं, ही दंतकथा अज्ञानातून कमी आणि अपचनातून जास्त आलीय.

पळालं कोण मग? पळाला त्याचा पंतप्रधान मीर लायक अली. घरात नजरकैदेत होता, १९५० च्या मार्चमध्ये तिथून निसटला आणि कराचीला निघाला. आणि गेला कासिम रझवी, आपल्या लातूरला वकिली करणारा, रझाकारांचा म्होरक्या. त्याच्याबद्दलही आपल्याकडं ठाम सांगतात की पटेलांनी फासावर दिला. नाही दिला. खटला चालला, शिक्षा झाली, १९५७ मध्ये सुटला आणि मग पाकिस्तानात गेला. १९७० मध्ये कराचीत मेला. तो पळालाही नाही, शिक्षा भोगून रीतसर गेला. लोकांच्या डोक्यात या दोघातिघांची सरमिसळ झाली आणि सगळ्यांचं मिळून निजामाच्या नावावर जमा झालं.

अजून एक धागा आहे. माणूस गेला नाही, पण पैसा गेला होता. सप्टेंबर १९४८ मध्ये निजाम सरकारच्या लंडनमधल्या खात्यातून दहा लाख पौंडांवर रक्कम पाकिस्तानच्या तिथल्या उच्चायुक्ताच्या नावावर वळती झाली. निजामानं नंतर ती परत मागितली. बँकेनं कुणालाच दिली नाही. त्या पैशावर ७० वर्षं भांडण चाललं आणि २ ऑक्टोबर २०१९ ला लंडनच्या कोर्टानं निकाल दिला की पाकिस्तानचा हक्क नाही, पैसा भारताचा आणि निजामाच्या वारसांचा. तोपर्यंत व्याजासकट साडेतीन कोटी पौंड झाले होते. बघा, खरी गोष्ट दंतकथेपेक्षा कितीतरी भारी आहे, पण फॉरवर्ड मात्र होत नाही.

आता सोन्याचं. इथं जरा जपून लिहितो, कारण ही पोस्ट टाकणारा माझा शाळेपासूनचा दोस्त आहे. एका बाकावर बसलेलो, एका डब्यात जेवलेलो. नाव लिहीत नाही, वाचणाऱ्या निम्म्यांना कळेलच.

पाच हजार किलो सोनं आणि दान, दोन्ही खरं नाही. राष्ट्रीय संरक्षण निधीकडं माहितीच्या अधिकारात विचारणा झाली, तेव्हा अशा दानाची काही माहिती नाही असं उत्तर आलं. खरं झालं ते असं. १९६५ च्या युद्धानंतर सरकारनं सुवर्णरोखे काढले. लोकांनी सोनं द्यायचं, सरकार व्याज देणार आणि मुदतीनंतर सोनं परत करणार. निजामानं त्यात ४२५ किलो सोनं गुंतवलं. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री डिसेंबर १९६५ मध्ये हैदराबादला आले तेव्हा त्यांनी त्याचं जाहीर अभिनंदन केलं, पेपरातही आलं. ४२५ चे पुढं पाच हजार झाले, रोख्यांचं दान झालं, आणि पेट्यांचा डायलॉग कुणीतरी मागून चिकटवला.

हे सगळं मी दोस्ताला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "दिलं ना पण? चारशे पंचवीस किलो तर चारशे पंचवीस किलो."

"दिलं नाही बाबा, गुंतवलं. तुझ्या एफडीसारखं."

"मग तुझ्या घरच्यांनी किती गुंतवलं?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आमच्या घरात तेव्हा सोनं म्हणजे आजीच्या गळ्यातलं डोरलं.

मग तो जरा वेळानं बोलला, आणि ते माझ्या डोक्यातून जात नाही. "तुला काय, तुला वर्षातून एकदा झेंडा दिसतो. मला त्या दिवशी चहाच्या टपरीवर कुणीतरी हमखास म्हणतंच, तुमचा निजाम पळाला. माझा कसला निजाम? माझा आजा त्याच्या शेतसाऱ्यात बुडालेला. पण तोंडावर काहीतरी फेकायला पाहिजे ना, म्हणून सोनं फेकतो."

मी त्याला म्हटलं, फेकायचंच असेल तर खरं फेक. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची संशोधित आवृत्ती निघाली, तिला निजामानं पैसे दिले होते. तिथं त्याच्या नावाचं गेस्ट हाऊस आजही उभं आहे. बनारस हिंदू विद्यापीठाला त्यानं देणगी दिली. (मालवीयांनी त्याचा जोडा लिलावात काढला, ही गोष्ट त्याच देणगीवर चढलेली साल आहे. तिला कागदाचा आधार नाही.) आणि निजामापेक्षाही, शोएबुल्ला खानचं नाव घे. 'इमरोज'चा संपादक. हैदराबादनं भारतात सामील व्हावं असं लिहिलं म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्याला रस्त्यावर मारला. दोस्तानं हे नावच ऐकलेलं नव्हतं. खरं सांगू, त्या गुरुजींनी कान धरेपर्यंत मीही ऐकलेलं नव्हतं. आमच्या कुठल्याच भाषणात तो येत नाही. दोन्हीकडच्या गोष्टीत बसत नाही, म्हणून असेल.

निजामाच्या बाकीच्या किश्श्यांवर फार वेळ घालवत नाही. रोल्स रॉइसमधून कचरा उचलला म्हणतात. हीच गोष्ट अलवर, भरतपूर, पतियाळा अशा प्रत्येक राजाची सांगतात, फक्त नाव बदलतं. जेकब हिऱ्याचा पेपरवेट केला होता, ही मात्र बरीच जुनी आणि बऱ्याच जणांनी सांगितलेली गोष्ट आहे. हिरा बापाच्या जोड्यात सापडला म्हणतात. तो हिरा आज आपल्या सरकारकडं आहे. १९९५ मध्ये निजामाच्या दागिन्यांसोबत घेतला. म्हणजे कागदोपत्री तुमच्याआमच्या मालकीचा. बघायला मिळाला तर बघून या.

इथवर दुसऱ्यांच्या दंतकथा झाल्या. आता घरची.

आमच्या घरात पत्र्याची एक पेटी आहे. तिच्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक पिवळा उर्दू कागद, खाली शिक्का. लहानपणापासून ऐकत आलो की हे निजाम सरकारनं आमच्या आजोबांच्या नावानं काढलेलं वॉरंट. दिवाळीच्या झाडलोटीत पेटी निघायची, दादा (माझे वडील) कागद हातात घ्यायचे, आम्ही पोरं गोळा व्हायचो. आजोबा रझाकारीत नदी ओलांडून उमरखेडच्या कॅम्पला गेले, बंदूक चालवली, म्हणून हे वॉरंट. मी चौथीत वर्गात उभं राहून हे सांगितलंय. लग्न ठरवताना सासऱ्यांनाही सांगितलंय.

२०२३ ला मुक्तिसंग्रामाचं अमृतमहोत्सवी वर्ष होतं. एका मंडळानं स्मरणिका काढायचं ठरवलं, आणि आजोबांवर एक पान द्या म्हणून मागणी आली. यादीतही नाव घेणार होते. दादांना किती आनंद झाला, सांगता येत नाही. नवीन धोतर काढलं फोटोसाठी. मला वाटलं, वॉरंटचा मजकूर मराठीत छापू, म्हणजे भारदस्त दिसेल. उर्दू वाचणारं कोण? दोस्ताचे वडील, आमचे चाचा. वय ८२, उर्दूत शिकलेले, चष्मा लावून अजून पेपर वाचतात.

चाचांनी कागद उजेडात धरला. वाचला. परत वाचला. मग बारीक आवाजात म्हणाले, "बेटा, हे वॉरंट नाही. पावती हाय. ज्वारीची. लेव्ही भरल्याची."

१३५५ फसली. म्हणजे १९४५-४६. निजामी राज्यात फसली सन चालायचा, त्यात ५९० मिळवले की आपला सन येतो, हेही मला चाचांनीच शिकवलं. लढाईच्या काळात सरकार शेतकऱ्याकडून सक्तीनं धान्य घ्यायचं, त्याला लेव्ही म्हणायचे. आजोबांकडून तीन पल्ले ज्वारी घेतल्याची ती पोच.

मी गप्प बसलो. माझं तोंड बघून चाचा म्हणाले, "अरे, वॉरंट असतं तर ते तुझ्या घरात कशाला राहिलं असतं? ते पोलिसाकडं असतंय."

सत्तर-पंचाहत्तर वर्षांत आमच्या घरात एवढा साधा विचार कुणाच्याही डोक्यात आला नव्हता. घरात दोन वकील आहेत.

निघताना मी विचारलं, चाचा, आजोबांचं तुम्हाला काही आठवतं का तेव्हाचं? ते म्हणाले, मी सात वर्षांचा होतो. तुझे आजोबा तेव्हा इथं नव्हतेच, नदीपलीकडं होते. पुलिस ॲक्शन झालं आणि ते परत यायच्या आधी आम्ही निघालो. रातच्याला. नांदेडला मामूकडं राहिलो. दोनअडीच महिन्यांनी आलो तर घराच्या दाराच्या चौकटी सुद्धा काढून नेल्या होत्या. कुणी नेल्या, मी विचारलं. चाचांनी कागद घडी करून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "चहा घेणार का?"

नंतर मी सुंदरलाल समितीबद्दल वाचलं. नेहरूंच्या सरकारनंच १९४८ च्या शेवटी पाठवलेली माणसं. पुलिस ॲक्शनच्या काळात आणि नंतर संस्थानात किती मुसलमान मारले गेले, याचा त्यांनी अंदाज केला, २७ ते ४० हजार. सगळ्यात वाईट हाल झालेले चार जिल्हे त्यांनी सांगितले, उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि आपलं नांदेड. अहवाल कितीतरी वर्षं दडपून ठेवला होता. त्यात हेही आहे की कितीतरी ठिकाणी हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचवलं. रझाकारांनी आपल्या गावागावात जे केलं ते खोटं होत नाही यानं. अर्जापूरचे गोविंदराव पानसरे मारले गेले, गावं जळाली, लोकं नेसत्या कपड्यानिशी पैनगंगा ओलांडून पळाले, हे सगळं खरं आहे. पण १७ सप्टेंबरला गोष्ट संपते असं आपण लेकरांना सांगतो, आणि चाचांच्या घराच्या चौकटी तर १७ सप्टेंबरनंतरच गेल्या.

आता कॅम्पचं उरलं होतं. वॉरंट नसलं तरी कॅम्प तर असेल! आत्या होती, दादांची थोरली बहीण, तेव्हाची अकरा-बारा वर्षांची. तिच्याकडं गेलो. ती म्हणाली, "कॅम्प कुठला रे. उमरखेडच्या अलीकडं एका खेड्यात मावशीच्या घरी होतो आम्ही. तुझा आजा आणि माय रोजानं निंदायला जायचे. रझाकार येयलेत असं कळलं तसं एका रातीत निघालो. म्हैस तशीच सोडली. तुझी आजी सहा महिने म्हशीसाठी रडली."

बंदूक? "बंदूक कुणी बघितली होती. विळा असंल."

दादांना हे सांगायचं कसं, या विचारात मी चार दिवस काढले. सांगितलं तर म्हणाले, तुझ्या आत्याला काय कळतंय, वय झालंय तिचं. मग म्हणाले, पळाले म्हणू नको, कॅम्पला गेले म्हण. मग म्हणाले, कॅम्पाच्या शेजारी राहणं म्हणजे मदतच की. आणि शेवटी म्हणाले, "सगळ्यांच्या आज्याची चौकशी केलीस का तू? का आपल्याच बापाची?" हे बोलणं खरं होतं. त्या यादीत अजून कुणाकुणाच्या घरात ज्वारीची पावती असेल, मला माहीत नाही, आणि मी विचारायलाही गेलो नाही.

यादीत नाव दिलं नाही. स्मरणिकेत मी लेव्हीवर एक पान लिहून दिलं. घरात खायला कमी असताना शेतकऱ्याची ज्वारी कशी उचलून नेत, त्यावर. पावतीचा फोटो सोबत. त्यांनी अर्धं पान छापलं, जाहिरात जास्त आली होती. दादा पंधरा दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. नवीन धोतर परत घडी करून ठेवलं.

दोस्तानं पाच हजार किलोची पोस्ट आज परत टाकलीय. मी खाली नुसतं "४२५" लिहिलं. त्यानं हसण्याची चिन्हं टाकली आणि पोस्ट तशीच ठेवली.

गेल्या दिवाळीच्या आधी पेटी परत निघाली. माझी मुलगी सहावीत आहे, ती दादांच्या शेजारी बसली होती. मी दारातून आत येत होतो. दादा म्हणत होते, "हे बघ, तुझ्या पणजोबाचं वॉ..." मला बघितलं, थांबले, आणि म्हणाले, "पावती हाय. निजामानं तीन पल्ले ज्वारी नेली होती आपली."

पोरीनं विचारलं, "आजोबा, तीन पल्ले म्हणजे किती किलो?"

दादांनी माझ्याकडं बघितलं. मलाही येत नव्हतं. दादाच म्हणाले, "चाचाला फोन लाव."